निवृत्तीतात्यांचा क्ष

बारामतीच्या स्टँडवर निवृत्तीतात्या कळंबच्या गाडीत चढले की कंडक्टरचा चेहरा पडतो. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला एसटीचा प्रवास फुकट असतो. तात्यांच्या आधारकार्डाप्रमाणे त्यांना शहात्तर पुरी झाली आहेत. पण तात्या फुकट बसत नाहीत. ते हाफ तिकीट मागतात.

"मास्तर, कार्ड दाखवा आन् गप फुकट बसा की."

"कार्डावर शहात्तर हाय. पर ते सिद्ध न्हाय."

"मग खरं वय किती?"

"क्ष धरा. क्ष पासष्टाच्या वर हाय, एवढं नक्की. म्हणून हाफ. पंच्याहत्तरच्या वर हाय का न्हाय, त्याचं काम चालू हाय."

मागून कुणीतरी ओरडतं, "आवं, गाडी सोडा!" कंडक्टर हातातल्या मशिनकडे बघतो. त्यात क्षचं बटण नसतं. शेवटी तो हाफ तिकीट फाडून देतो आणि पुढच्या माणसाला उगाचच खेकसतो. हे गेलं वर्षभर चाललं आहे.

मी मंगल. जळोचीत तात्यांच्या शेजारी राहते आणि घराच्याच पुढच्या खोलीत झेरॉक्स-टायपिंगचं दुकान चालवते. शाळेत तात्याच आम्हाला गणिताला होते. दहावीला मला गणितात पस्तीस पडले. सगळं घर रडत होतं, तेव्हा तात्या येऊन म्हणाले, "पस्तीस म्हंजी पाच साता. दोन्ही मूळ संख्या हायत. वाईट काय त्यात?" त्या दिवसापासून हा माणूस मला आवडतो. त्यांचं बोलणं मात्र तेव्हाही कळत नव्हतं आणि आता एक्केचाळिशीत तर अजिबातच कळत नाही. मी "व्हय तात्या" म्हणते आणि झेरॉक्स मशिनचं झाकण उघडझाप करते.

त्यांचं नावच निवृत्ती. तीसेक वर्षांच्या नोकरीत 'निवृत्ती सर कधी निवृत्त होणार' हा विनोद न केलेला एकही शिक्षक तालुक्यात नसेल. शेवटी व्हायचे ते झाले. समारंभाच्या फ्लेक्सला मजकूर दिला होता, 'निवृत्ती सरांचा निवृत्ती समारंभ'. फ्लेक्सवाल्याला वाटलं, एक शब्द चुकून दोनदा पडला आहे. त्याने पहिला काढून टाकला. तात्या फ्लेक्सखाली हार घालून उभे राहिले आणि म्हणाले, "नाव गेलं, निवृत्ती राहिली. बरोबर हाय, सामाईक पद बाहेर काढलंय."

विचार करताना त्यांची एक लकब आहे. उजवा हात डोक्यावरून पलीकडे टाकायचा आणि डावा कान पकडायचा. आम्ही वर्गात याची नक्कल करायचो. फळ्यावर अवघड गणित आलं की अख्खा वर्ग डोक्यावरून हात टाकून बसलेला. तात्यांना त्यात काही गैर वाटायचं नाही. उलट, पोरं विचार करायला लागली म्हणून ते खूश व्हायचे. त्यांचा तो डावा कान उजव्यापेक्षा जरा लांब आहे, हेही आम्ही तेव्हाच शोधून काढलं होतं.

आता वयाचा घोळ. तुम्ही कधी झेरॉक्सच्या दुकानात बसला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल की साठीच्या पुढची निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली असतात. माझ्याकडे रोज कार्डं येतात. एक जून, एक जून, एक जून. पहिल्यांदा मला वाटलं की मशीन बिघडलं. मग कळलं की त्या काळी घरी कुणी तारीख लिहून ठेवत नसे. शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने सहा वर्षं धरायचे आणि एक जून टाकून मोकळे व्हायचे. सगळ्यांनी ते आयुष्यभर बिनबोभाट वापरलं. एकट्या तात्यांना ते झेपलं नाही, आणि त्याचं कारण गणितच आहे.

ते कारण मला त्यांनी काउंटरवर चहा पीत सहा-सात दिवसांत सांगितलं. मी तुम्हाला एका दमात सांगते.

तात्यांची थोरली बहीण, हौसाआक्का, कळंबला दिलेली. तात्या कागदावरच्या वयाने अडतीस वर्षांचे असताना भाऊबीजेला तिच्याकडे गेले होते. आक्का अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढत होती. मधल्या ओळीत सात ठिपके, मग वर आणि खाली सहा, पाच, चार. तात्यांनी सवयीने मोजले. सदतीस भरले. मग म्हणाले, याहून लहान काढ. तिने पाच ते तीन काढली, एकोणीस. त्याहून लहान, तीन ते दोन, सात. आणि सगळ्यांत लहान म्हणजे एकटा ठिपका, एक. तात्यांनी बेरीज मारली. एक. एक नि सात, आठ. त्यात एकोणीस, सत्तावीस. त्यात सदतीस, चौसष्ट.

"काय दिसतंय, मंगल?"

"चौसष्ट."

"आगं, घन हायत सगळे! दोनचा घन आठ, तीनचा सत्तावीस, चारचा चौसष्ट!"

घरी येऊन त्यांनी बीजगणिताने दोन ओळींत सिद्धही केलं. पुढची कितीही मोठी रांगोळी घ्या, बेरीज घनच येणार. पण तात्यांचं समाधान होईना. रांगोळी सपाट. घन म्हणजे लांब, रुंद आणि उंच, चांगला उभा ठोकळा. सपाट ठिपक्यांच्या पोटात हा ठोकळा येतो कुठून? "पटलं, पर दिसलं न्हाय," असं ते म्हणायचे, आणि अजून म्हणतात. बायकोने भाजी कशी झालीय विचारलं तरी म्हणतात. काकी बिचाऱ्या पातेल्यात वाकून बघतात, काय दिसलं नाही म्हणून.

त्याच साली पुण्यात गणित शिक्षकांचं शिबिर होतं. तात्या वही घेऊन गेले. तिथल्या एका मोठ्या प्राध्यापकांनी वही चाळली, बरं म्हणाले, आणि वय विचारलं. अडतीस म्हटल्यावर ते हसून म्हणाले, "मग घाई करा. गणितात नवं काही सुचायचं ते चाळिशीच्या आत. पुढं नुसतं शिकवायचं." प्राध्यापक हे बोलून जेवायला गेले. तात्या मात्र जेवले नाहीत. त्यांनी वहीच्या मागे हिशेब मांडला आणि एक जूनची मुदत काढली.

पुढची दीड-पावणेदोन वर्षं त्यांनी ठिपकेच ठिपके काढले. चपात्यांवर, पाटीवर, वरातीत घोड्याच्या मागे चालताना हातावर. ठोकळा दिसेना. आणि ज्या एक जूनला कागदावर चाळीस पुरी होणार, त्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तात्यांनी वह्या फडक्यात बांधल्या आणि माळ्यावर टाकल्या.

"त्यानंतर काहीच सुचलं नाही?" मी विचारलं.

"सुचायचं की. वर्गात शिकवता शिकवता सुचायचं. पर मी म्हणायचो, आता न्हाय, आता आपलं वय झालं. हाकलून लावायचो."

म्हणजे सुचणं थांबलं होतं की यांनी थांबवलं होतं? मी गोंधळून गेले. तात्यांनी झेरॉक्सच्या वाया गेलेल्या कागदावर एक रेघ काढली: चाळिशीपर्यंत चढ, मग उतार. "हा डोक्याचा आलेख," ते म्हणाले. मी विचारलं, "पण उतारावर तुम्ही स्वतःच गाडी बंद करून खाली उतरला होता ना?" तात्यांनी डोक्यावरून हात टाकून कान पकडला. मग म्हणाले, "हा मुद्दा हाय."

दोन वर्षांपूर्वी भावकीतल्या एका लग्नात आग लागली. म्हणजे तात्यांच्या डोक्यात. मोरगावच्या अंगाला त्यांचं मूळ गाव. तिथल्या एका म्हाताऱ्या चुलतीने सहज म्हटलं, "निवृत्ती, तू बारका होतास रं. तुला शाळंत फारच लौकर घातला." तात्यांच्या हातातला लाडू हातातच राहिला. लवकर घातला, म्हणजे कागदावरची सहा खरी नव्हती. म्हणजे ज्या एक जूनला त्यांनी वह्या बांधल्या, तेव्हा ते चाळीस झालेच नव्हते! दोन-तीन वर्षं हातात शिल्लक होती आणि यांनी ती माळ्यावर टाकली होती.

"माझी वर्सं चोरली कुणीतरी," ते दुकानात येऊन म्हणाले. "चढावरची वर्सं, मंगल. त्याच दोन-तीन वर्सांत मला ठोकळा दिसला असता. ज्यानं केलं त्याला मी सोडत न्हाय. गुरुजी असू दे न्हायतर माझा बाप असू दे."

"तात्या, ते दोघंही आता नाहीत."

"तरीबी सोडत न्हाय."

मग शोध सुरू झाला. शाळेचं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं निघालं. नेमकं त्यांचंच पान नव्हे, सगळंच. आई सांगायची की तू झालास तेव्हा बाजरी खळ्यावर होती; म्हणजे हिवाळ्याच्या तोंडाशी, एक जून तर साफ बाद. मोरगावला देवळाच्या पायरीवर म्हातारे बसतात, तात्या त्यांच्यात जाऊन बसले. एक म्हणाला, तू माझ्या बारशाला जेवला होतास. दुसरा म्हणाला, छट्, मी तुला कडेवर खेळवलाय. हे दोघेही एक जूनचे, आणि एकाच सालचे. तात्यांनी प्रत्येकाच्या सांगण्याचं एकेक समीकरण मांडलं. जत्रेत पाळणा मोडला ते साल य, चांदी म्हशीचं तिसरं वेत ते साल ज्ञ. माझ्या दुकानातले पाठकोरे कागद संपले. एकदा तर सगळी समीकरणं सोडवून उत्तर आलं की तात्या हौसाआक्कापेक्षा दोन महिन्यांनी मोठे आहेत.

"मग आक्काला आजपासून काय म्हणायचं?" मी विचारलं.

तात्यांना हसू आलं नाही. "एक समीकरण कमी पडतंय," ते म्हणाले. "आन् ते आक्काकडं असणार. दरवेळी विचारलं की ती उठून आत जाती."

म्हणून त्यांनी माझ्याकडून एक जबानी टाईप करून घेतली. 'मी, हौसाबाई, राहणार कळंब, तालुका इंदापूर, समक्ष लिहून देते की माझा धाकटा भाऊ निवृत्ती यास शाळेत दाखल केले तेव्हा त्याचे खरे वय ____ होते व ते ____ यांनी वाढवून सांगितले.' दोन मोकळ्या जागा. मी म्हटलं, तात्या, सख्ख्या बहिणीकडून कुणी असं लिहून घेतं का? "पुराव्याला नातं नसतं," ते म्हणाले. मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं. मी दुकानाला कुलूप लावून गेले, कारण खरं सांगायचं तर मलाही चोर कोण हे बघायचं होतं.

हाफ तिकिटावर आम्ही कळंबला पोचलो. आक्का पडवीत चौरंगावर काहीतरी मांडत बसली होती. अठ्ठ्याहत्तरची बाई, पाठीत वाकलेली, पण हात एका जागी ठरत नाहीत. हल्ली दुकानांत गुळाच्या लहान चौकोनी वड्या मिळतात, चहात टाकायला. त्या ती पुड्यातून काढून डब्यात भरायच्या आधी एकावर एक रचत होती. कडेला कड, थराला थर. सून आतून म्हणाली, "आत्याबाईंना कवाबी बघा, रचतच असत्यात. मुंग्या लागत्यात तरी ऐकत न्हायत."

तात्या बसले. पाणी प्यायले. घसा खाकरला आणि जबानी पुढे ठेवली. मग त्यांनी जे कधी बहिणीला सांगितलं नव्हतं तेही सांगितलं. प्राध्यापक, चाळिशी, फडक्यात बांधलेल्या वह्या, सगळं. आक्का वड्या रचायची थांबली.

"मला फकस्त एवढंच सांग," तात्या म्हणाले, "माझं वय कुणी वाढवलं?" आणि सवयीप्रमाणे त्यांचा उजवा हात डोक्यावरून जाऊन डाव्या कानाला लागला.

आक्काने त्या हाताकडे पाहिलं. तिचे ओठ हलायला लागले. मला वाटलं, रडते. पण ती आधी हसली, आणि मग हसता हसता पदर डोळ्यांना लावला.

"आता पोचतूय व्हय रं हात," ती म्हणाली. "तवा पोचत नव्हता."

तात्यांना काही कळलं नाही. मलाही नाही.

"मला शाळंत जायाचं व्हतं," आक्का म्हणाली. "आठ वर्सांची झालती मी. आई-दादा म्हणायचं, आमी रानात जातो, मग धाकट्याला कोण बघायचं? त्याला टाकून जायाचं न्हाय. म्हणून तुला कडंवर घिऊन गेले. गुरुजी म्हणालं, नाव असल्याबिगर बारकं पोर वर्गात बसवता यायचं न्हाय, तपासनीस वरडतो. मग नाव घाला म्हणलं. वय किती? सहा म्हणलं."

"मी किती वर्सांचा व्हतो?"

"चौथं लागून सा महिनं झालं नव्हतं. औट वर्सांचा म्हण."

औट म्हणजे साडेतीन. हा शब्द मी फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे.

"गुरुजींनी मानलं?"

"न्हाय. ते म्हणालं, डोक्यावरनं हात टाकून कान धरू दे. हात पोचला तर सहा. तशीच रीत व्हती तवा. तुझा हात डोक्याच्या मधीच ऱ्हायला. गुरुजींनी पाठ फिरवली पान उघडाया, तसा मी तुझा कान धरला आन् वढला. पार हातापातुर वढला. तू वरडला न्हाईस. गुरुजी वळलं तर तुझ्या हातात कान."

तात्यांचा हात अजून कानावरच होता.

"लई भ्यायले पुढं," आक्का म्हणाली. "तू नोकरीला लागलास, तवा वाटायचं, हे कुणाला कळलं तर तुझी नोकरी जाईल. म्हणून बोलले न्हाय. मग तू रिटायर झालास, तवा वाटलं, अडीच वर्सं आधी घरी बसला माझ्यापायी. आता कसं सांगू? आन् आता तर तू म्हणतूस, तुझं डोकंबी माझ्यापायी थांबलं."

ती जबानी तिने पुढे ओढली. "कुठं सही करू? मला येती सही. चार यत्ता शिकलेय मी. पाचवीची शाळा लांब व्हती, तू गेलास, मी ऱ्हायले. पर चार शिकले. तुझ्या कानाच्या जोरावर." आणि परीक्षेला उभी राहिल्यासारखी ती म्हणायला लागली, "एक औट औट. दोन औट सात. तीन औट साडेधा. चार औट चवदा." थेट दहापर्यंत म्हणाली. कुठे अडली नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते कुणाला दिसू नये म्हणून मी चौरंगावरच्या गुळाकडे बघत बसले. चोराला सोडत नाही म्हणून आलेला माणूस आता काय बोलतो, याची मला धास्ती वाटत होती. शेवटी आक्काच म्हणाली, "तुझी ती रांगोळी काय झाली? मोजत बसला व्हतास ती?"

"सोडली. पटली, पर दिसली न्हाय."

"काय दिसलं न्हाय?"

"ठिपक्यात ठोकळा दिसला न्हाय."

आक्का त्यांच्याकडे बघतच राहिली. "आरं," ती म्हणाली, "हितं तर हाय की."

तिने समोरच्या गुळाच्या रचीवर बोट ठेवलं. तीन वड्या लांब, तीन रुंद, तीन उंच. पुरा सत्तावीस वड्यांचा ठोकळा. मग चौरंग जरासा फिरवला, ठोकळ्याचा एक कोपरा तात्यांच्या नाकासमोर आणला आणि त्यांची मान धरून खाली वाकवली. "असं कोपऱ्यातनं, वरनं बघ. एक डोळा झाक. ह्यो कोपरा म्हंजी मधला ठिपका. आता मोज किती वड्या दिसत्यात."

तात्यांनी मोजलं. ओठ हलत होते. "एकोणीस," ते म्हणाले, आणि पुन्हा एकदा मोजलं.

"पाच ते तीनची रांगोळी. हाय का न्हाय? ह्या दिसणाऱ्या काढ आता."

त्यांनी वरच्या थराच्या नऊ, मग समोरच्या दोन बाजूंच्या बाकीच्या दहा अशा एकोणीस वड्या एकेक करून बाजूला ठेवल्या. आत आठ वड्यांचा लहान ठोकळा निघाला. त्याच्या कोपऱ्यातून बघितलं, सात दिसल्या. त्या काढल्या. आत एक राहिली. मी, पस्तीस मार्कांची मंगल, मलासुद्धा दिसलं. प्रत्येक रांगोळी म्हणजे ठोकळ्याची एकेक साल होती, आणि साली एकात एक बसवत गेलं की ठोकळा भरत जात होता.

"दिसलं," तात्या म्हणाले. आणि ती उरलेली वडी त्यांनी तोंडात टाकली.

"आक्का, हे तुला कवापसनं दिसतंय?"

"आवंदाच्या दिवाळीपसनं. ह्या वड्या सुनंनं तवाच आणल्या. मला वाटलं, तुला म्हायती असंल. तू मास्तर."

मी मनातल्या मनात आलेख काढायला गेले आणि माझा पार गोंधळ उडाला. तात्यांचं डोकं चाळिशीला थांबलं, किंवा साडेसदतिसाव्या वर्षी थांबलं, किंवा थांबलंच नाही, त्यांनीच दार लावलं. आक्काचं डोकं अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी सुरू झालं, की आठव्या वर्षापासून चालूच होतं आणि समोर फक्त वड्या यायच्या राहिल्या होत्या? आणि प्राध्यापकांचं म्हणणं तिच्यापर्यंत आधीच पोचलं असतं तर? मी तात्यांना विचारणार होते, पण ते गुळाचा ठोकळा परत रचण्यात गुंतले होते. दोघं बहीणभाऊ मांडीला मांडी लावून रचत होते आणि मुंग्या झटकत होते.

निघताना मी जबानी पुढे केली. आक्काने पेन हातात घेतलं. तात्यांनी तो कागद उचलला, पेन मागितलं आणि मोकळ्या जागी स्वतःच्या अक्षरात 'सहा' लिहिलं. पुढचं 'व ते ____ यांनी वाढवून सांगितले' सगळं खोडलं.

"तात्या, आत्ता तर आक्का म्हणाल्या की साडेतीन—"

"आक्कानं गुरुजींना सहा सांगितलं," तात्या म्हणाले. "आक्कानं सांगितलं म्हंजी सहा. सिद्ध हाय."

ज्या माणसाने दोन वर्षं अडीच वर्षांसाठी जिवाचं रान केलं, त्याने ती अशी एका शब्दात देऊन टाकली.

परतीच्या गाडीत कंडक्टर सकाळचाच होता. तात्यांना बघून त्याने न बोलता हाफ तिकिटाला बोट लावलं. "फुकट द्या," तात्या म्हणाले. "शहात्तर पुरी. एक जूनला." कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने शून्याचं तिकीट काढून दिलं आणि पुढे जाता जाता दोनदा मागे वळून बघितलं. तात्या खिडकीशी बसले होते. हात डोक्यावरून टाकून कान धरला होता, पण या वेळी विचार करत नव्हते. कान नुसता अंगठ्याने कुरवाळत होते.

दुसऱ्या दिवशी ते दुकान उघडायच्या आधीच पायरीवर येऊन बसले. माळ्यावरचं फडकं मांडीवर होतं, गाठ सुटलेली. कुठल्याशा गणिताच्या मासिकाला पाठवायला एक पान टाईप करायचं होतं. आकृत्या त्यांनी हाताने काढल्या होत्या: ठिपके एका बाजूला, गुळाच्या वड्या दुसऱ्या बाजूला. मी टाईप करत गेले. शेवटी आलं, 'हे ज्यांना दिसले त्यांचे नाव'.

"लिही," तात्या म्हणाले. "हौसाबाई. मुक्काम कळंब. इयत्ता चौथी."

मी लिहिलं. मग सवयीने पुढचा रकाना घेतला. "वय?"

तात्यांचा हात डोक्यावरून कानाकडे निघाला आणि मध्येच थांबला.

"वय नगं लिहू, मंगल," ते म्हणाले. "वय वाचलं की लोक पुढचं वाचत न्हायत."